बारावे

बारावे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे, आणि ते रजिस्टर आता फक्त कुणाला दाखल्यावरची जन्मतारीख बदलून हवी असली तरच उघडतं. दोन वर्षांपूर्वी शाळेत नव्याने लागलेल्या एका बाईंनी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे "बारावे आले, बारावे आले" म्हणताना ऐकलं आणि क्रीडामहोत्सवाच्या पत्रिकेवर सरळ छापून टाकलं : 'विशेष उपस्थिती – श्री. बारावे (माजी विद्यार्थी)'. पत्रिका घरी आली तेव्हा वहिनींनी दारातूनच विचारलं, "कुणाचं बारावं आहे?" बारावेंनी ती पत्रिका लॅमिनेट करून घेतली. शाळेने त्यांचं नाव छापील कागदावर घालण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तेही चुकीचं होतं. पण पहिलं ते पहिलं.

बारावा गडी, म्हणून बारावे. तेही एका खेळात नव्हे, तिन्ही खेळांत. खो-खोत नऊ जण खेळतात, तीन राखीव. कबड्डीत सात खेळतात, पाच राखीव. क्रिकेटमध्ये अकरा खेळतात, एक राखीव. म्हणजे शाळेला वर्षभरात नऊ राखीव लागत. त्यांतल्या तीन जागा एकटे बारावे अडवून बसले होते. सलग दोन वर्षं. दोन वर्षांत एकाही गड्याचा पाय मुरगळला नाही, कुणाला गोवर निघाला नाही, कुणाची आजी वारली नाही. "इतका तंदुरुस्त संघ शाळेला पुन्हा लाभला नाही," असं बारावे सांगतात तेव्हा त्या आवाजात कौतुक किती आणि तक्रार किती हे मला पस्तीस-चाळीस वर्षांत ओळखता आलेलं नाही.

आमची शाळा घाटकोपर सोडल्यावर आणि ठाणं यायच्या आत लागते. नेमकं स्टेशन सांगत नाही. सांगितलं तर मधल्या बाकीच्या स्टेशनांवरचे बारावे माझ्या घरी येतील. कारण असा एक माणूस प्रत्येक शाळेत असतो. शाळा सोडून पन्नास वर्षं झालेली असतात, पण शाळेला मात्र त्याला सोडता आलेलं नसतं. खेळात तो कधी चमकलेला नसतो. चमकलेले दुबईला असतात, नाही तर पुण्यात मुलाकडे. गॅदरिंगला ते पाच वर्षांतून एकदा येतात, शाल घेतात आणि "आमच्या वेळी मैदान मोठं होतं" म्हणून निघून जातात. मैदान किती मोठं होतं हे विचारायचं तर बाराव्यालाच विचारावं लागतं.

बारावे ते पावलांनी मोजून देतात. खो-खोचं मैदान तेव्हा २९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद लागे. आमच्या शाळेत ते बसे, वर कडेला गुलमोहर मावे. मग विज्ञानाची नवी इमारत आली, गुलमोहर गेला. मग सायकल स्टँड आला. मग सायकली गेल्या आणि गाड्या आल्या. हल्ली एक खांब मुख्याध्यापकांच्या गाडीला लागून रोवावा लागतो, आणि खांबावर सूर मारणारा मुलगा बंपरवर आपटू नये म्हणून सामन्याच्या आधी साहेबांना गाडी काढायची विनंती होते. पुढे खो-खोच्या नियमांत मैदानाची लांबी २७ मीटर झाली. "आपल्या शाळेची सोय बघून केलं ते," बारावे गंभीरपणे सांगतात. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम पहिल्यांदा बांधले, त्या वेळी आपली शाळा नव्हती ही गोष्ट त्यांना अजून खुपते. असती तर दोन चार सूचना गेल्या असत्या.

त्यांच्याशी बोलायची सुरुवात नेहमी मागून होते. फलाटावर तुम्ही इंडिकेटरकडे बघत उभे असता, पाठीवर थाप पडते आणि कानाशी आवाज येतो, "खो!" हा विनोद ते १९७४ पासून करत आहेत. खो मिळाला की गड्याला उठून पळावंच लागतं, तसं आपल्यालाही "काय बारावे, काय म्हणताय?" असं म्हणावं लागतं. आणि खो-खोचा दुसरा नियम असा, की पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही. बारावेंची गोष्टही अशीच. एकदा १९७४च्या आंतरशालेय अंतिम सामन्याची दिशा धरली, की मुलुंड येवो, ठाणं येवो, कारशेड येवो, ते खांब गाठल्याशिवाय वळत नाहीत. मधे विषय बदलायचा प्रयत्न मी पुष्कळदा केला आहे. तो फाऊल धरला जातो.

पण गोष्ट ऐकण्यासारखी असते हे कबूल केलं पाहिजे. खेळणाऱ्याला सामना दिसत नाही. त्याला समोरचा गडी दिसतो. प्रेक्षकाला आपला मुलगा दिसतो. पंचाला घड्याळ दिसतं. सामना फक्त राखीवाला दिसतो, कारण त्याला दुसरं कामच नसतं.

काम नसतं असं म्हटलेलं बारावेंना चालत नाही. राखीवाची कामं ते बोटांवर मोजतात आणि बोटं दोनदा वापरावी लागतात. पाण्याची बादली आणणं. फक्की मारणं. सगळ्यांचे चष्मे, ताईत, घराच्या किल्ल्या आणि एका कप्तानाची भिकबाळी खिशात सांभाळणं. गुडघे फुटले की आयोडीन लावणं आणि लावताना "काही नाही रे, काही नाही" म्हणणं. गुणलेखकाच्या शेजारी बसून त्याच्या चुका काढणं. आणि सगळ्यांत मोठी जबाबदारी म्हणजे लिंबं.

मध्यंतराला खेळाडूंना मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी द्यायच्या असत. एका लिंबाच्या चार. हे काम पीटीच्या सरांनी पहिल्या दिवशी बारावेंकडे दिलं आणि परत घेतलं नाही. बारावेंनी त्यासाठी एक एकरेघी वही घातली. आज त्यांच्याकडे अशा अकरा वह्या आहेत. शाळेचा जो काही क्रीडा-इतिहास आहे तो एवढाच, आणि तो लिंबांत लिहिलेला आहे. 'उपांत्य सामना. लिंबं ९. फोडी ३६. उरल्या ७. जिंकलो.' 'अंतिम सामना. लिंबं ८ (बाजार बंद). फोडी ३२. दुसऱ्या डावाआधी संपल्या. एका गुणाने हरलो.' या दोन नोंदींवरून बारावेंनी जो सिद्धान्त मांडला आहे त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी त्यांनी 'आपले पराभव आणि लिंबू' असा सतरा पानी लेख दिला होता. संपादक समितीने तो जागेअभावी घेतला नाही. त्या जागी एका बिल्डरची शुभेच्छा घेतली.

लिंबांच्या खालोखाल त्यांच्या इतिहासात १९७५ येतं. आपल्याकडे दुष्काळ म्हटला की १९७२ आठवतो. बारावेंच्या मते शाळेचा खरा दुष्काळ १९७५चा. त्या वर्षी अकरावीची जुनी एसएससी संपली आणि दहावीची नवी सुरू झाली. एकाच वेळी अकरावीचे बाहेर पडले आणि दहावीचेही. बाकीच्या महाराष्ट्राला यात शिक्षणाचा आकृतिबंध दिसला, कॉलेजप्रवेशाची चिंता दिसली. बारावेंना दिसला तो जूनमधला पहिला सराव. मैदानावर उंच म्हणावा असा एकच मुलगा होता आणि तोही नापास झालेला. दोन वर्षांचे तयार गडी एका मे महिन्यात गेले. साखळी कशी खेळायची हे कुणी कुणाला शिकवायचं? पूर्वी अकरावीतला दहावीतल्याला शिकवी, दहावीतला नववीतल्याला. तो खोच मधून तुटला. "शासनाने एक वर्ष वाचवलं," बारावे म्हणतात, "आणि आपली ढाल गेली." ती ढाल शाळेकडे आधीही नव्हती, हे इथे मला सांगितलं पाहिजे. पण १९७५-७६ला ती येणारच होती.

बारावे स्वतः त्या दहावीच्या पहिल्या बॅचचे. अकरावीची आणि दहावीची अशा दोन्ही बॅचेस आजही एकमेकींना खरी १९७५ मानत नाहीत. वेगळे गट, वेगळी स्नेहसंमेलनं. बारावे दोन्हींत आहेत. दोन्हींत राखीव म्हणून.

पुढे त्यांच्या संघातल्या दोघांना कबड्डीच्या जोरावर कारखान्यात नोकरी लागली. तेव्हा आमच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने होते, त्यांचे संघ होते, आणि चांगला चढाईपटू म्हणजे चांगला फिटर असा एक समज होता. राखीवांसाठी असा काही कोटा नव्हता. बारावे परीक्षा देऊन बँकेत लागले, फोर्टात. स्वतःच्या काउंटरवर मात्र ते कधी बसले नाहीत. कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी बसवायचा माणूस म्हणून सगळी हयात गेली, आणि त्यांच्याइतका समाधानी माणूस त्या शाखेने पाहिला नसेल.

माझा आणि त्यांचा खरा संबंध आला १९८८ला, आणि तो कटुतेने आला. त्या मोसमात आमची शाळा हॅरिस शिल्डमध्ये उतरली होती. मी सातव्या क्रमांकाला खेळायचो. पहिल्याच फेरीत समोरच्या एका कॉन्व्हेंटच्या शाळेने आम्हाला दुपारच्या चहाच्या आत गुंडाळलं. मी पहिल्या चेंडूवर, शून्यावर. इथवर काही बिघडलं नव्हतं. बारावे पॅव्हेलियनमध्ये, म्हणजे एका झाडाखाली, फोडी घेऊन उभे होते. त्यांनी मला एक दिलीसुद्धा.

मग फेब्रुवारी आला. आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. २ बाद ७४८वर डाव घोषित. सगळी मुंबई त्या दोघांबद्दल बोलत होती. बारावे तिसऱ्या दिवशी मला शोधत आमच्या चाळीत आले.

"तू जरा उभा राहिला असतास," ते म्हणाले, "तर आपण पुढच्या फेरीत गेलो असतो."

"हो."

"मग त्याच्या पुढच्या."

"असेल."

"आणि उपांत्य फेरीत झेवियर्सच्या जागी आपण असतो." त्यांचा आवाज कापरा झाला. "त्या ६६४ आपल्याला पडल्या असत्या रे!"

मी गप्प बसलो. आपल्या शाळेची दोन दिवस धुलाई झाली असती या कल्पनेने एखाद्याच्या डोळ्यांत पाणी यावं, हे त्या वयात मला समजलं नाही. आता थोडं समजतं. त्या धावपुस्तकात झेवियर्सच्या गोलंदाजांची नावं कायमची आहेत. त्यातला मार खाणारा एक लेगस्पिनर साईराज बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला. आमची शाळा कुठल्याच पुस्तकात नाही, कारण मी आडवी बॅट घातली.

त्या दिवशी आझाद मैदानात आपण होतो असं सांगणारे मुंबईकर एकत्र केले तर वानखेडे दोनदा भरेल. बारावे तसं सांगत नाहीत. ते जेवणाच्या सुट्टीत शाखेतून चालत गेले आणि कुंपणाशी दहा मिनिटं उभे राहिले, इतकंच. त्या दहा मिनिटांत त्यांनी खेळपट्टीकडे पाहिलंच नाही. ते तंबूकडे पाहत होते. तिथे पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. दोन दिवस. त्या मुलाचं नाव अमोल मुजुमदार आहे, हे बारावेंना नंतर पेपरात कळलं. तेव्हापासून ते त्याचे भक्त. तो रणजीत पहिल्याच सामन्यात २६० करून गेला तेव्हा बारावेंनी शाखेत पेढे वाटले. त्याने प्रथम श्रेणीत ११ हजारांच्या वर धावा केल्या आणि भारताची टोपी काही त्याला मिळाली नाही, तेव्हा पेढ्यांऐवजी ते रोज निवड समितीला शिव्या वाटत. लोक सचिनचा फोटो लावायचे. यांच्या टेबलाच्या काचेखाली पॅड बांधलेला अमोल असायचा.

त्यांना सगळ्या खेळांतले असेच लोक आवडतात. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार देतात आणि कुमारांना वीर अभिमन्यू. बारावेंना ही नावं फार पटतात. "अर्जुनाचं नाव नाही दिलं बघ. ज्याला संघात घेतलंच नाही त्याचं दिलं, आणि ज्याला आत पाठवून मागून कुणी गेलंच नाही त्याचं दिलं. ही नावं कुणीतरी राखीवानेच सुचवलेली असणार." २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताने पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही जिंकले. दोन्ही कप्तान आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मी अभिनंदनाचा फोन केला. बारावे नाराज होते. माती नाही, मॅट होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे सामना संपल्यावर कॅमेरा बाकावर बसलेल्यांकडे वळलाच नाही.

२०१६च्या जानेवारीत कल्याणला प्रणव धनावडेने शाळेच्या सामन्यात नाबाद १००९ केल्या, तेव्हाही असंच. पहिल्या दिवसअखेर तो ६५२वर खेळतोय ही बातमी टीव्हीवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बारावे स्लो लोकलने कल्याणला. के. सी. गांधी शाळेचा डाव ३ बाद १४६५वर घोषित झाला. क्रिकेटच्या इतिहासात कुठल्याही सामन्यात एका डावात कुणी चार आकडी धावा केल्या नव्हत्या. आधीचा विक्रम १८९९ सालचा, इंग्लंडातल्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाचा, नाबाद ६२८. ही सगळी माहिती बारावेंनी मला संध्याकाळी दिली, पण घाईघाईत, पाढे म्हटल्यासारखी. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. आर्य गुरुकुलची पोरं. "शेवटपर्यंत चेंडू आणून देत होती रे. एकाने तर हजाराव्या धावेला टाळ्या वाजवल्या, हातात चेंडू धरून." मग थोडं थांबून, "फोडी होत्या की नाही, कोण जाणे."

आता शाळेत मुलं कमी झाली. कारखान्यांच्या जागी टॉवर आले आणि टॉवरमधली मुलं आमच्या शाळेत येत नाहीत. खो-खोला नऊ मिळवतानाच दमछाक होते, तिथे राखीव कुठून आणायचे? पण मधे एक मजा झाली. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात असं कळल्यावर पालक संघाच्या यादीत नाव घाला म्हणून शाळेत यायला लागले. "खेळवू नका, नुसतं राखीवात ठेवा, पडला-बिडला तर क्लास बुडेल." पीटीच्या बाईंनी अशा एका पालकांना बारावेंकडे पाठवलं. बारावेंनी त्यांना खुर्ची दिली आणि राखीवाची कामं बोटांवर मोजायला सुरुवात केली. चौथ्या बोटाला, फक्कीपाशी, पालक उठले. बारावे गेटपर्यंत त्यांच्या मागे गेले, कारण अजून लिंबं यायची होती.

२०२५च्या नोव्हेंबरमधली रात्र. दोन तारीख उलटून गेली होती. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला होता, आणि चाळीत अजून फटाके वाजत होते. फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास.

"बारावे?"

"बघितलास?"

"हो. काय झेल घेतला शेवटी हरमनप्रीतने..."

"झेल नाही रे. तो. कोच." घसा खाकरल्याचा आवाज. "पॅड सोडले त्याने. सदतीस वर्षांनी."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पाठीमागून वहिनींचा आवाज आला, "झोपा आता. बाराव्याचं कौतुक बारा वाजून गेले तरी संपेना."

त्याच महिनाअखेरीस माजी विद्यार्थी विरुद्ध शिक्षक असा क्रिकेटचा सामना ठेवला होता. टेनिस बॉल, दहा षटकं. आमचा एक गडी ऐन वेळी आला नाही. सून बाळंत झाली म्हणे. टॉस झाला होता. सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि सगळे झाडाखाली बघायला लागले. बारावे तिथे पांढऱ्या शर्टात, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. पायाशी बादली, हातात सुरी, ताटलीत मीठ.

कप्तान गेला. "बारावे, चला. अकरावे व्हा."

त्यांनी सुरी खाली ठेवली. शर्टाची वरची गुंडी लावली. एक पाऊल फक्कीच्या रेघेपाशी टाकलं, तिच्याकडे जरा पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं.

"मी आत आलो तर राखीव कोण?"

कुणाला उत्तर सुचलं नाही. आम्ही दहाच खेळलो. सहाव्या षटकात माझा चष्मा त्यांच्या खिशात गेला, आठव्यात कप्तानाच्या गाडीची किल्ली. चार धावांनी हरलो. बारावेंनी वही उघडली, चष्मा पुसून मला परत दिला आणि लिहायला लागले. लिंबं १०. फोडी ४०. उरल्या ३.

"उरल्या आणि हरलो?" मी म्हणालो. "मग तुमच्या सिद्धान्ताचं काय?"

त्यांनी ताटली माझ्यापुढे धरली. "खा. म्हणजे संपल्या असं लिहितो."